‘तू आता काय करशील?’ – मुलांची गेमबुकं, फासे आणि मराठी

निळी_शाई (धागाकर्ती)

आम्ही मायलेकी सध्या फायरटॉप डोंगराखालच्या भुयारात अडकलो आहोत. पुस्तक स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचं, ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’, १९८२ सालचं. ज्यांनी गेमबुक हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गोष्टीचे ४०० तुकडे, प्रत्येकाला क्रमांक, आणि क्रम मुद्दाम विस्कटलेला. तुकड्याच्या शेवटी विचारतात, काय करणार? पश्चिमेला जायचं असेल तर ७१ वर जा, पूर्वेला जायचं असेल तर २७८ वर. गोष्टीतला नायक म्हणजे वाचणारा स्वतः. सोबत दोन फासे, पेन्सिल आणि एक कागद लागतो. वाटेत राक्षस भेटला की फासे टाकून लढायचं.

लेक चौथीत आहे. सलग गोष्टीचं पुस्तक दिलं की तिसऱ्या पानावर तिला तहान लागते. हे मात्र रात्री जेवण झालं की स्वतः काढून आणते. तिचं इंग्रजी अजून एवढं पळत नाही, म्हणून मी वाचत वाचत मराठीत सांगते, ती फासे टाकते आणि नकाशा काढते. एका बैठकीत दोनदा मेली तरी कुरकुर नाही.

इथल्या जाणकारांना विचारायचं होतं की पुढे कोणती पुस्तकं घ्यावीत. आणि ही कार्टी मागच्या पानात बोट ठेवून पुढचं पान उघडते, वाईट निघालं की ‘मी गेलेच नव्हते’ म्हणते. चालू द्यावं का? मराठीतच असं काही लिहायचं म्हटलं तर काय काय लागेल, तेही बोलू या.

दोन_फासे

वा, आवडता विषय. जॅक्सन आणि लिव्हिंगस्टन हे १९७५ मध्ये ‘गेम्स वर्कशॉप’ ही खेळांची कंपनी काढणाऱ्या तिघांपैकी दोघे. तेव्हा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला चार-पाच मित्र आणि गोष्ट चालवणारा एक जण लागायचा. त्या एकाची जागा पुस्तकाला देता येईल का, असा हा उद्योग. अमेरिकेत रिक लूमिस यांच्या ‘बफेलो कॅसल’ने १९७६ मध्येच एकट्याने खेळायची सोय केली होती, पण त्यासाठी ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ या खेळाचे नियम वेगळे घ्यावे लागत. पफिन प्रकाशनाने काढलेल्या या फायरटॉपच्या पुस्तकात नियम पुस्तकातच होते आणि ते कुठल्याही शाळकरी पोराला परवडत होतं. पुढे ‘फायटिंग फँटसी’ या नावाने मोठी मालिकाच झाली.

आता एक प्रश्न. मुलीचं कौशल्य किती आलं होतं?

निळी_शाई

सात. का?

दोन_फासे

म्हणूनच मरते आहे बिचारी.

यात तीन आकडे असतात: स्किल, स्टॅमिना, लक. आपण कौशल्य, दम, नशीब म्हणू. कौशल्य म्हणजे एक फासा अधिक ६, दम म्हणजे दोन फासे अधिक १२, नशीब पुन्हा एक फासा अधिक ६. लढाईत दोन्ही बाजूंनी दोन-दोन फासे टाकायचे, त्यात आपापलं कौशल्य मिळवायचं. ज्याची बेरीज मोठी तो वार करतो आणि दुसऱ्याचा दम २ ने उतरतो. बेरीज सारखी आली तर कुणालाच काही नाही.

दिसायला साधं आहे, पण कौशल्यातला दोनचा फरक भयंकर असतो. समोर ९ कौशल्याचा शत्रू आणि आपलं ११ असेल तर दर फेरीत आपला वार लागण्याची शक्यता ६६ टक्के, त्याचा लागण्याची २४. आपलं ७ असेल तर हेच आकडे उलटे. त्याचा दम ८ धरा. त्याला चार वार हवेत. तेवढ्या वेळात आपल्याला सरासरी अकरा बसणार, म्हणजे दम २२ ने गेला. आणि सुरुवातीचा दम सरासरी असतो १९. पहिला फासा १ पडला त्या क्षणी पोरीचं भवितव्य ठरलं, पुढच्या निवडी नावापुरत्या.

नशिबाचं गणित मात्र सुरेख आहे. नशीब अजमावायचं तर दोन फासे टाकायचे, बेरीज नशिबाच्या आकड्याएवढी किंवा कमी आली तर सुटलो. पण लागो न लागो, प्रत्येक वेळी नशीब १ ने कमी होतं. नऊपासून सुरू केलं तर पहिल्यांदा ८३ टक्के, मग ७२, मग ५८, चौथ्यांदा ४२. नशीब वापरलं की झिजतं, हे मुलांना एका संध्याकाळी कळतं.

घरचा नियम करा: कौशल्य नऊच्या खाली आलं तर सरळ नऊ धरायचं.

आजोबा_डोंबिवलीकर

उत्तम माहिती. पण हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. मोक्षपट काय आहे? सोंगटी, घरं, वर जाणं, खाली येणं.

दोन_फासे

आजोबा, मोक्षपटात खेळणाऱ्याला निवड कुठे असते? दान पडेल तिथे जायचं. त्या खेळाचा उपदेशच तो आहे. गेमबुकात फासे काढून टाकले तरी गेमबुक उरतं, निवड काढली की संपलं.

आजोबा_डोंबिवलीकर

मान्य. माघार. (सापशिडीवर उतरलो असं समजा.)

लीड्सचा_पाऊस

माझं लहानपण इंग्लंडात गेलं, त्यामुळे ही पुस्तकं आधी शाळेच्या लायब्ररीत भेटली. सुरुवातीच्या पानांवर आपले आकडे लिहायचा तक्ता असायचा. लायब्ररीच्या प्रतीत तो आधीच्या दहा जणांनी पेन्सिलीने लिहून खोडून जवळजवळ फाडलेला असे. आधीचा मुलगा कुठे मेला याचा त्यावरून अंदाज यायचा.

एक गंमत सांगतो, रहस्यभेद फारसा नाही. डोंगराखाली मध्यावर नदी लागते. अलीकडचा भाग लिव्हिंगस्टनचा, नदीपासून पुढचा जॅक्सनचा. दोघांनी अर्धा अर्धा लिहून मग सांधला. नदी ओलांडली की लेखकाची चाल बदललेली जाणवते. पलीकडे झागोरचा, म्हणजे डोंगरातल्या त्या मांत्रिकाचा, चक्रव्यूह आहे, तिथे मी अक्षरशः रडलो होतो. सगळे बोळ सारखे, वर्णन शून्य. तिथे लेकीला कंटाळा आला तर तिचा दोष नाही. नकाशा मात्र काढाच.

रस निकल्सनची आतली शाईतली चित्रं नीट बघायला द्या. मजकुरात न दिलेलं बरंच काही त्यांत असतं.

कंदिलवाली

मी मुलांचं वाचनालय चालवते, म्हणून बोटाबद्दल बोलते.

चालू द्या. शंभर टक्के चालू द्या. बोट ठेवणारं मूल दोन शक्यता एकाच वेळी डोक्यात धरून वाचत असतं, आणि आपल्याला वाचनात तेच तर हवं आहे. आमच्याकडे एक मुलगा पाच बोटं पाच पानांत घालून बसतो आणि सहावी निवड आली की मदतीला मित्राला बोलावतो.

आणि या ‘लबाडी’ची दखल लेखकांनीही घेतली आहे. एडवर्ड पॅकर्ड हे ‘चूज युअर ओन अ‍ॅडव्हेंचर’ मालिकेचे जनक. झोपताना मुलींना गोष्ट सांगता सांगता ‘आता पुढे काय करू?’ असं त्यांनाच विचारण्यातून त्यांना ही कल्पना सुचली. मालिकेतलं पहिलं ‘द केव्ह ऑफ टाइम’ १९७९ चं, त्याला ४० शेवट आहेत. त्यांचंच १९८२ चं ‘इनसाइड यूएफओ ५४-४०’ बघा. त्यात अल्टिमा नावाचा स्वर्गासारखा ग्रह आहे आणि कुठलीही निवड तुम्हाला तिथे नेत नाही. नियम मोडून नुसती पानं चाळली तरच ते पान सापडतं. आणि पोहोचलेल्याचं तिथे कौतुक होतं!

या मालिकेत फासे नसतात, आकडे नसतात, पानं थोडी. सहा-सात वर्षांच्यांना तीच बरी. निळी_शाईंच्या मुलीला आता ती बाळबोध वाटतील.

आजोबा_डोंबिवलीकर

बोटाला माझा विरोध नोंदवून ठेवा. केलेली चाल मागे घ्यायची नाही, ही शिस्त बुद्धिबळात शिकवतो ना आपण? मग इथे का नाही?

कंदिलवाली

बुद्धिबळात समोर कुणी बसलेलं असतं, त्याचा खेळ बिघडतो. पुस्तकाचं काय बिघडतं?

आजोबा_डोंबिवलीकर

मरणाची भीती जाते. भीती गेली की मग राक्षस कशाला हवा?

दोन_फासे

दोघंही बरोबर, आणि यावर लेखकाच्या हातात एक उपाय आहे. फायरटॉपमध्ये झागोरची पेटी उघडायला किल्ल्या लागतात आणि किल्ल्यांवर आकडे असतात. पुस्तक ‘किल्ल्या आहेत का?’ एवढं विचारून सोडत नाही. तीन किल्ल्यांच्या आकड्यांची बेरीज करून त्या परिच्छेदावर जा, म्हणतं. किल्ल्याच नसतील तर कुठे जायचं तेच कळत नाही, मग बोट ठेवा नाहीतर हात. राखण बेरजेकडे दिली की मुलाला दटावायला कुणी लागत नाही.

पुढची पुस्तकं: जो डेव्हर यांची ‘लोन वुल्फ’. पहिलं ‘फ्लाइट फ्रॉम द डार्क’, १९८४, ३५० परिच्छेद. दहा विद्यांपैकी पाच निवडून घ्यायच्या आणि तोच नायक पुढच्या पुस्तकात न्यायचा, शिकलेल्या विद्यांसकट. फासे लागत नाहीत, मागे आकड्यांचा तक्ता असतो, डोळे मिटून त्यावर पेन्सिल टेकवायची. रेल्वेत बर्थवर फासे शोधत बसावं लागत नाही, हा मोठाच फायदा. डेव्हर यांनी स्वतः परवानगी दिल्यामुळे ही पुस्तकं ‘प्रोजेक्ट एऑन’ या संकेतस्थळावर अधिकृतपणे फुकट वाचता येतात.

‘फायटिंग फँटसी’तलं ‘हाउस ऑफ हेल’ मात्र आत्ता नको. त्यात भीतीचाही आकडा मोजतात, तो भरला की माणूस घाबरून मरतो. चौथीला जड जाईल.

निळी_शाई

सगळ्यांना धन्यवाद. कौशल्य ९ केलं, काल पहिल्यांदाच नदीपर्यंत पोहोचलो.

पण मराठीत सांगताना एक अडचण आली आहे. इंग्रजीत ‘यू’ला काही फरक पडत नाही. मी आपली सवयीने ‘तू दारातून आत शिरलास, दचकलास, मागे सरकलास’ असं सांगत होते. तिने तिथेच थांबवलं. ‘शिरलीस म्हण. मी आहे ना?’ घरी सांगताना ठीक आहे, बदलते. पण पुस्तक छापायचं तर? ‘शिरलास/शिरलीस’ अशी तिरपी रेघ प्रत्येक वाक्यात? की ‘तुम्ही’ म्हणायचं?

लीड्सचा_पाऊस

‘तुम्ही’ने लिंगाचा प्रश्न सुटतो, पण दहा वर्षांच्या मुलाला ‘तुम्ही तलवार उपसता’ म्हटलं की सोसायटीची नोटीस वाचल्यासारखं वाटतं.

तिरपी_रेघ

माझ्या नावाने हाक मारलीत, यावंच लागलं. भाषांतर हा माझा धंदा आहे.

‘तू’ सोडू नका. मराठी वाटते तेवढी अडवत नाही, फक्त कुठे अडते ते ओळखायचं. कर्म असलेल्या बहुतेक क्रियापदांत भूतकाळ कर्मामागे जातो. तू तलवार उपसलीस, तू दार ढकललंस, तू कंदील विझवलास. यातलं ‘उपसलीस’ तलवारीमुळे आहे, वाचणारा मुलगा असो की मुलगी. अडचण होते ती जाणं, येणं, पळणं, पडणं, घाबरणं यांची. तिथे वाक्य ‘तुला’ किंवा ‘तुझा’वर न्यायचं. ‘तू घाबरलास’ऐवजी तुझ्या अंगावर काटा आला. ‘तू आत शिरलास’ऐवजी तू उंबरठा ओलांडलास. ‘तू खाली पडलास’ऐवजी तुझा पाय निसटला आणि पाठ दगडावर आपटली. बघा, वाक्यं उलट जास्त धावायला लागली.

भविष्यकाळ तर सगळाच मोकळा आहे: जाशील, लढशील, पळशील. आज्ञार्थही मोकळा.

सावध राहायचं ते चोरट्या क्रियापदांपासून. पिणं, बोलणं, विसरणं, शिकणं, जेवणं. कर्म असूनही ही कर्त्याच्याच मागे जातात. ‘तू पाणी प्यायलास’, ‘प्यायलीस’. आणि गेमबुकात दर दहा परिच्छेदांनी कुणीतरी काहीतरी पितंच! तिथे ‘तू काढा घशाखाली उतरवलास’ म्हणायचं. ‘तू उभा आहेस’लाही तेच, ‘तुझे पाय जमिनीला खिळले आहेत’ म्हणा.

दोन_फासे

म्हणजे ‘तू मेलास’ पण चालणार नाही.

तिरपी_रेघ

‘तुझं साहस इथेच संपलं.’ साहस नपुंसकलिंगी आहे, कुणाचीच तक्रार नाही.

कंदिलवाली

हा प्रतिसाद कापून वाचनालयात लावणार आहे. मुली या पुस्तकांपासून लांब राहण्याचं एक कारण मुखपृष्ठावरचे दाढीवाले असावेत असं मला वाटायचं. मराठीत तर क्रियापदच दाढी लावून येतं.

खाडीपलीकडे

धागा वर काढतो आहे. मालवणकडचा आहे, लहानपणी भुतांवरच वाढलो. मराठीत लिहायचं तर ऑर्क आणि गोब्लिन कशाला? आमच्याकडे एकेकाचं काम ठरलेलं आहे आणि ते गेमबुकाला आयतं लागू पडतं. चकवा घ्या. चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच झाडाखाली येतो. झागोरच्या चक्रव्यूहात सगळे बोळ सारखे का, याला कारणच नाही. इथे कारण आहे. गिऱ्हा पाण्यात असतो, पाण्यात ओढतो. देवचार हा गावाचा राखणदार, त्याचा मान ठेवला तर तो चुकलेल्याला वाट दाखवतो, हातात काठी आणि चूड (मशाल) घेऊन पुढे चालतो. मान नाही ठेवला तर मग बघायला नको.

पन्नास परिच्छेदांचं छोटंसं करून बघतो आहे. नमुना खाली टाकतो. सांभाळून घ्या.

१
कातरवेळ. गडाचा दरवाजा तुझ्या पाठीमागे आपोआप मिटला. समोर दोन वाटा आहेत. डावीकडच्या वाटेवर धुळीत पावलांचे ठसे उमटले आहेत, पण टाचा पुढे आणि बोटं मागे. उजवीकडे पाण्याचं टाकं दिसतं आहे. टाक्याच्या काठावर कुणीतरी भाकरी, मीठ आणि एक विडी नीट मांडून ठेवली आहे.
ठशांचा माग काढायचा असेल तर १४ वर जा. टाक्याकडे वळायचं असेल तर ९ वर जा.

९
काठावर घोंगडी पांघरलेला उंच म्हातारा बसला आहे. बाजूला काठी, काठीला टेकवलेली विझलेली चूड. ‘भाकरी माझी, विडी माझी,’ तो म्हणतो. ‘पाणी कोणाचं ते मला विचारू नकोस.’ सकाळपासून तुझ्या पोटात काही गेलेलं नाही आणि घशाला कोरड पडली आहे.
भाकरी उचलायची असेल तर ४ वर जा. ओंजळीने पाणी घ्यायचं असेल तर १७ वर जा. म्हाताऱ्याला वाट विचारायची असेल तर २२ वर जा.

१४
उलटी पावलं एका भिंतीपाशी संपली. भिंतीत दार आहे, दाराला ना कडी ना कुलूप. आकडा कोरलेली एखादी वस्तू तुझ्याजवळ असेल तर तो आकडा या परिच्छेदाच्या क्रमांकात मिळव आणि येईल त्या क्रमांकावर जा. नसेल तर २६ वर जा.

१७
तुझी ओंजळ पाण्याला टेकली तोच खालून थंडगार हाताने तुझं मनगट पकडलं. गिऱ्हा! त्याचे लांब केस तुझ्या दंडाभोवती गुंडाळले जात आहेत.
कोयत्याने केस कापायचे असतील तर ५ वर जा. नाहीतर नशीब अजमाव: सुटका झाली तर २२ वर जा, नाही झाली तर ३८ वर.

२२
‘वाट विचारणारं पोर लय दिसांनी भेटलं,’ म्हातारा म्हणाला. त्याने कमरेचा कोयता काढून तुझ्या हातात ठेवला. मुठीवर ३१ कोरलं आहे, कागदावर लिहून ठेव. आता १४ वर जा.

दोन_फासे

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)! मला सगळ्यात जास्त १ आवडला. फायरटॉपमध्ये पहिलाच प्रश्न पूर्व की पश्चिम असा येतो आणि काय बघून ठरवायचं याचा मागमूस नसतो. नाणं उडवा नाहीतर निवडा, सारखंच. इथे उलटी पावलं दिसतात, मांडलेली विडी दिसते. ज्याला आजीने काही सांगितलं असेल तो थबकेल, ज्याला नसेल सांगितलं तो पुढच्या वेळी थबकेल. मूल मेल्यावर ‘मला दिसलं होतं तरी मी गेले’ असं म्हणालं पाहिजे. ‘मला काय माहीत’ म्हणालं तर तो परिच्छेद फुकट गेला. माझ्या लेखी गेमबुक चांगलं की वाईट हे एवढ्यावर ठरतं. फासे, नकाशे, राक्षस नंतर.

तिरपी_रेघ

पाचही तुकडे तपासले, वाचणाऱ्याचं लिंग कुठेही फुटलेलं नाही. १७ मध्ये ‘तू पाणी प्यायलास’ येईल म्हणून टपून बसले होते, निराशा झाली.

एकच. मालवणकडचा म्हातारा ‘लय दिसांनी’ कसा म्हणेल? तो घाटावरचा झाला.

खाडीपलीकडे

गड घाटावर आहे, देवचार खालून आलाय. बरं, बदलतो. मालवणीत बोलू दे त्याला.

लीड्सचा_पाऊस

क्रमांक कसे टाकताय? मी शाळेत असताना असं एक लिहायला घेतलं होतं. कार्डं करून बघा. एका कार्डावर एक परिच्छेद, मागच्या बाजूला ‘इथे कुठून कुठून येता येतं’ ते. पूर्ण झाल्यावर पत्त्यांसारखी पिसा आणि मग वरून खाली क्रमांक टाका. फक्त १ आणि शेवटचा हाताने ठेवायचे. फायरटॉपमध्येही जिंकलेला ४०० वरच पोहोचतो. तुमच्यासारखे बेरजेचे परिच्छेद पिसण्याआधी बाजूला काढा, नाहीतर १४ अधिक ३१ म्हणजे ४५ वर भलतंच कार्ड यायचं.

कंदिलवाली

संगणकावर करायचं तर ट्वाइन आहे. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये काढलं, फुकट आहे, देवनागरी नीट घेतं. परिच्छेदांच्या चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण पडद्यावर दिसतात, त्यामुळे कुठली वाट मध्येच तुटली आहे ते लगेच कळतं. आमच्या मुलांनी त्यात ‘डबा कुणी खाल्ला’ नावाची गोष्ट केली. सगळ्या वाटा मुख्याध्यापकांच्या खोलीकडे जातात.

पण अंतिम पुस्तक कागदावरच करा हो. फोनवर बोट ठेवता येत नाही.

आजोबा_डोंबिवलीकर

फोनचा हा पहिला फायदा ऐकला.

नातवाला नमुना वाचून दाखवला. त्याने भाकरी उचलली. ४ वर काय आहे ते लेखकाने टाकलेलं नाही, त्यामुळे तो आता माझ्या मागे लागला आहे.

निळी_शाई

आमच्याकडेही वाचला. लेकीने वही काढून बाणांचा नकाशा केला आणि दोन आक्षेप कळवायला सांगितलेत, तिच्याच शब्दांत:

‘१७ मध्ये कोयत्याने केस काप म्हटलंय. पण कोयता २२ वर मिळतो. ९ वरून थेट १७ ला आलं तर कोयता नसणारच. आणि २२ वरून १४ ला जावं लागतं, परत टाक्याकडे येताच येत नाही. म्हणजे ५ वर कोणीच कधी जाणार नाही. मग ५ लिहिलंच कशाला?

आणि म्हाताऱ्याला आधी मीठ कोणी ठेवलं ते पण सांगा.’

खाडीपलीकडे

पोरीला संपादक करा.

बरोबर आहे तिचं. २२ वर ‘१४ वर जा’च्या जोडीला ‘तहान अजून भागली नसेल तर १७ वर जा’ अशी वाट देतो, म्हणजे कोयता घेऊन आलेल्याला ५ उघडेल. पण मग गिऱ्ह्याकडून सुटून २२ वर आलेलं पोर पुन्हा १७ ला जाऊ शकेल आणि गिऱ्हा दुसऱ्यांदा नव्यानेच भेटल्यासारखा वागेल. त्याला काय करावं?

दोन_फासे

१७ च्या डोक्यावर एक रिकामी चौकट छापा. पहिल्यांदा आलं की तिच्यात खूण करायची, चौकटीत आधीच खूण असेल तर वेगळ्या परिच्छेदावर जायचं. डेव्ह मॉरिस आणि जेमी थॉमसन यांच्या ‘फेबल्ड लँड्स’मध्ये (१९९५) हीच युक्ती आहे, तिथे अख्खा प्रदेश हवा तसा हिंडता येतो आणि पुस्तक तुम्ही आधी काय करून ठेवलंय ते विसरत नाही. खूण पेन्सिलीनेच करायला सांगा, लायब्ररीवाल्या कंदिलवाली इथेच आहेत.

खाडीपलीकडे

जमेल. चौकट करतो, दुसऱ्या भेटीला ३३ देतो. मीठ कोणी ठेवलं ते ४ मध्येच येणार होतं. ४, ५ आणि २६ रविवारी टाकतो.